रक्ताचा नमुना : पोलिसांचा अधिकार कुठवर?

आपल्या वस्त्यांमधले कित्येक जण रिक्षा, टेम्पो, टॅक्सी चालवून घर चालवतात. रात्रीच्या नाकाबंदीत 'रक्त तपासू' म्हटले की माणूस घाबरतो. म्हणून कायदा काय सांगतो ते आपण समजून घेऊ.

मोटार वाहन कायदा, 1988, कलम 185 : 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू आढळली तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

या कायद्यात आधी श्वासाची चाचणी आहे, रक्ताची पाळी नंतर येते. दारू प्यायल्याचा रास्त संशय असेल तर गणवेशातील पोलीस अधिकारी यंत्रात फुंकायला सांगू शकतात. नकार देऊ नये. नकारावरून विनावॉरंट अटक होऊ शकते, आणि योग्य कारण दाखवता आले नाही तर तो नकार कोर्टात आपल्याविरुद्ध धरला जातो.

यंत्राने दारू दाखवली किंवा फुंकण्यास नकार दिला, तर अटकेनंतर पोलीस ठाण्यात रक्ताचा नमुना मागता येतो (कलम 204). तो नोंदणीकृत डॉक्टरनेच घ्यायचा, पोलिसाने नाही. बाई असेल आणि डॉक्टर पुरुष असेल, तर दुसरी स्त्री हजर हवीच. सुई नवी, आपल्यासमोर फोडलेली असावी. कातडी स्पिरिटने पुसू नये, नाहीतर तपासणीवर शंका येते.

कलम 185 खाली अटक झाल्यास दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. ती झाली नाही तर कोठडीतून सोडावे लागते (कलम 202). म्हणून घरच्यांनी अटकेची वेळ लगेच लिहून ठेवावी. मात्र सुटका म्हणजे खटला संपला असे नाही.

अपघातात जखमी होऊन दवाखान्यात दाखल असलेल्या माणसाचा नमुना घेण्याआधी पोलिसांनी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे लागते. नमुन्याने उपचाराला बाधा येईल असे डॉक्टरांनी सांगितले तर तो घेता येत नाही. उपचार आधी.

कॉफी, लिंबू-पाणी, थंड पाण्याची आंघोळ यांनी रक्तातली दारू उतरत नाही. यकृत ती आपल्या गतीनेच काढते. प्यायलेल्या माणसाच्या हाती गाडीची चावी देऊ नका. हक्क माहीत असले तरी रस्त्यावरचा जीव त्याहून मोलाचा आहे.