एआयला विचारा, पण ताळा करा!

मी पिंपळगाव रेणुकाईचा. भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हिरव्या मिरचीचे भाव पडले की ती झाडावरच लाल होऊ द्यायची आणि वाळत घालायची. त्यात अवकाळी पाऊस आला की बुरशी ठरलेली! म्हणून फायनल इयरला प्रोजेक्ट घेतला सोलर ड्रायरचा.

लिटरेचर रिव्ह्यूसाठी एका एआय टूलला दहा पेपर मागितले. मिनिटभरात यादी हजर! पण लायब्ररीत शोधायला बसलो तर त्यातले तीन पेपर कुठेच नव्हते. कारण साधं आहे. भाषेचं मॉडेल पुढे कोणता शब्द शोभेल ते ठरवतं, खरं काय ते नाही. मेटा कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये खास संशोधनासाठी आणलेल्या ‘गॅलॅक्टिका’चा डेमोही अशाच थापांवर टीका झाल्याने तीन दिवसांत काढून घ्यावा लागला.

खोटा पेपर निदान पकडता तरी येतो. आम्ही फसलो ते खऱ्या पेपरच्या सारांशात. टूल म्हणालं, मिरचीत ओलावा ८० टक्के, ड्राय बेसिसवर. म्हणजे १०० किलो मिरचीत पाणी साधारण ४४ किलो. त्यावर गणित मांडलं. सहज मूळ पेपर उघडला, तर तिथे वेट बेसिस! म्हणजे पाणी ८० किलो. ड्रायर निम्म्याच ताकदीचा झाला असता, आणि सडली असती ती घरचीच मिरची.

तेव्हापासून आमचा ग्रुप प्रत्येक टूलची परीक्षा घेतो :

१) डीओआय क्रमांक टाकल्यावर पेपर उघडतो का? शीर्षक, लेखक जुळतात का?
२) सारांशातला आकडा मूळ तक्त्यात, त्याच एककात आहे का?
३) आपल्याला आधीच माहीत असलेले पाच चांगले पेपर टूलला सापडतात का?
४) तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारला तर यादी किती बदलते?

एलिसिटसारखी टूल्स आधी पेपर शोधतात, मग सारांश देतात. तिथे खोटे संदर्भ कमी, पण दुसरी परीक्षा त्यांनाही चुकत नाही. आणि परभणीच्या कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणचे प्रबंध हवे असतील तर ‘कृषिकोश’ आणि ‘शोधगंगा’ स्वतः चाळलेलं बरं.

मित्रांनो, मिरची घेणारा व्यापारी वरची चकाकी बघून भाव करत नाही. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून खालची मूठ काढतो. सबमिशनच्या आदल्या रात्री आपणही तेवढं करूया!