परदेशात शिक्षकाची नोकरी आणि 'वर्क व्हिसा' : जाण्यापूर्वी काय पाहावे?

बी. एड. झाले, 'टीईटी' झाली, अभियोग्यता चाचणीही दिली. पण नेमणुकीचा आदेश काही हाती पडत नाही, अशी स्थिती आपल्या बुलडाणा जिल्ह्यातील अनेक सुशिक्षित तरुण-तरुणींची आहे. मे २०१२ मध्ये राज्यात शिक्षक भरतीवर बंदी आली. पुढे 'पवित्र' प्रणाली आली. परंतु जागा थोड्या आणि उमेदवार फार, हे चित्र काही पालटले नाही. खाजगी संस्थेत जागा हवी तर किती लाख मोजावे लागतात, याची चर्चा चहाच्या टपरीवरही होते. अशा वेळी कोणी येऊन म्हणतो, "दुबईच्या शाळेत लावून देतो, व्हिसाचे चार लाख लागतील." इथेही पैसे द्यायचे, तिथेही द्यायचे, मग परदेश काय वाईट, असा विचार करून घरचे लोक एकरभर शेत विकायला निघतात. येथेच मोठी चूक होते. व्हिसा ही विकत घ्यावयाची वस्तू नाही. तो कोण देतो, कोणाला देतो आणि कोणत्या क्रमाने देतो, हे समजून घेतले तर फसवणूक बरीचशी टळते. त्यासाठीच हा लेखप्रपंच.

शिकवण्यासाठी परदेशी जाणे मराठी माणसाला नवे नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी पाली भाषेचे पंडित झाले आणि १९१० मध्ये 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनकार्यासाठी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. पुढे १९२९ मध्ये ते रशियातील लेनिनग्राड येथेही गेले. हार्वर्डला ते गेले तेव्हा पासपोर्ट-व्हिसाची आजच्यासारखी काटेकोर पद्धत नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर ती जगभर रूढ झाली. आज विद्वत्ता कितीही असो, योग्य परवान्यावाचून परक्या देशात एक तासही शिकवता येत नाही.

व्हिसा म्हणजे नेमके काय?

पासपोर्ट आपले सरकार देते. तो आपल्या नागरिकत्वाचा व ओळखीचा पुरावा होय. व्हिसा ज्या देशात जायचे तो देश देतो. तो कशासाठी दिला आहे याला फार महत्त्व आहे. पर्यटन व्हिसा फिरण्यासाठी, विद्यार्थी व्हिसा शिकण्यासाठी आणि वर्क व्हिसा पगारी नोकरीसाठी. पर्यटन व्हिसावर जाऊन शिकवणे हा बहुतेक सर्व देशांत गुन्हा आहे.

शिक्षकाचा वर्क व्हिसा बहुधा चार पायऱ्यांनी मिळतो. पहिली पायरी : शाळा मुलाखत घेऊन निवड करते व लेखी करार देते. दुसरी : ती शाळा आपल्या सरकारकडून परदेशी शिक्षक नेमण्याची परवानगी मिळवते. तिसरी : त्या परवानगीच्या आधारे उमेदवार व्हिसासाठी अर्ज करतो. चौथी : तेथे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, ओळखपत्र किंवा कामाचा परवाना अशा बाबी पूर्ण होतात. देशागणिक तपशील व क्रम थोडा बदलतो. पण शाळेवाचून शिक्षकाचा व्हिसा नाही, हे सूत्र पक्के. म्हणून "आधी व्हिसा काढू, शाळा तिथे गेल्यावर बघू" असे जो म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

काही देशांचे नियम

संयुक्त अरब अमिराती : दुबई, अबुधाबी, शारजा येथे भारतीय अभ्यासक्रमाच्या पुष्कळ शाळा आहेत. शाळा तेथील श्रम मंत्रालयामार्फत नेमणुकीचा प्रस्ताव देते व प्रवेश परवाना काढते. तेथे गेल्यावर वैद्यकीय तपासणी होऊन 'एमिरेट्स आयडी' व निवास परवाना मिळतो. दुबईत व अबुधाबीत शिक्षकाच्या नेमणुकीस तेथील शिक्षण प्राधिकरणाची मान्यताही लागते. २०२१ चा श्रमविषयक कायदा फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार भरतीचा खर्च मालकाने करावयाचा असतो; तो कामगाराकडून वसूल करता येत नाही, तसेच पासपोर्टही काढून घेता येत नाही.

इंग्लंड : फेब्रुवारी २०२३ मध्ये भारतासह नऊ ठिकाणच्या प्रशिक्षित शिक्षकांना तेथील 'पात्र शिक्षक' दर्जासाठी थेट अर्ज करण्याची वाट खुली झाली. भारतीयांसाठी ही वाट ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असलेल्या शिक्षकांपुरती ठेवण्यात आली. या अर्जाला शुल्क नाही. मात्र हा दर्जा म्हणजे व्हिसा नव्हे. व्हिसासाठी प्रायोजकत्वाचा परवाना असलेल्या शाळेने प्रायोजक प्रमाणपत्र द्यावे लागते. अशा परवानाधारकांची यादी ब्रिटिश सरकार जाहीर करते. ती कोणालाही पाहता येते. शिवाय इंग्रजीची परीक्षा व क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र लागते.

अमेरिका : शालेय शिक्षकांसाठी 'जे-१' हा आदानप्रदान व्हिसा आहे. त्यासाठी पदवी व किमान दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. मान्यताप्राप्त प्रायोजक संस्था आवश्यक दाखला देते, त्यानंतर दूतावासात मुलाखत होते. मुदत तीन वर्षांची असून काही अटींवर वाढते. हा कायम स्थायिक होण्याचा व्हिसा नव्हे, हे लक्षात ठेवावे.

थायलंड : आपल्या लोकांना हा देश धम्मामुळे जवळचा वाटतो व पर्यटक म्हणून तेथे जाणेही सोपे आहे. पण शिकवायचे तर 'नॉन-इमिग्रंट बी' व्हिसा, कामाचा परवाना आणि तेथील शिक्षक परिषदेची अनुज्ञप्ती किंवा तात्पुरती सूट लागते. थायलंडमधील नोकरीच्या नावाने तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडे नेऊन ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार घडले. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल सावधगिरीची सूचना काढावी लागली. मार्च २०२५ मध्ये वायुसेनेच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. नोकरी शिक्षकाची असो वा संगणकाची, फसवण्याची तऱ्हा एकच असते.

कागदपत्रांची तयारी घरापासून

नोकरी मिळूनही अनेकांचे घोडे कागदपत्रांत अडते. पहिली अडचण नावाची. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव व नाव स्वतंत्र रकान्यांत असते. परदेशी अधिकारी गुणपत्रिकेतील पहिला शब्द हेच उमेदवाराचे नाव समजतो. त्यात इंग्रजी स्पेलिंगची भर पडते. 'गवई' हे आडनाव एका कागदावर 'डब्ल्यू'ने, तर दुसऱ्यावर 'व्ही'ने लिहिलेले असते. लग्नानंतर मुलींचे नाव बदलते. आपल्यातील कित्येक कुटुंबांनी जुनी आडनावे सोडून नवी घेतली. त्यामुळे एकाच घरात बापाचे आडनाव एक आणि मुलाचे दुसरे दिसते. म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, पदवी, आधार व पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे. नाव बदलले असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत जपून ठेवावी. हे काम नोकरी लागल्यावर करायचे नसते, विद्यार्थीदशेतच करावे.

दुसरी गोष्ट साक्षांकनाची. केवळ झेरॉक्सवर सही-शिक्का पुरत नाही. मूळ पदवी खरी आहे याची पडताळणी क्रमाने होते. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांची पदवी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची असते. तिच्यावर आधी राज्य शासनाच्या नेमून दिलेल्या कार्यालयाचे व नंतर परराष्ट्र मंत्रालयाचे प्रमाणन होते. जे देश हेग कराराचे सदस्य आहेत त्यांच्यासाठी मंत्रालयाचे 'अपोस्टिल' पुरते. भारत या करारात २००५ पासून आहे; ओमान, बहरीन व २०२२ पासून सौदी अरेबियाही आहे. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या वकिलातीचे प्रमाणनही करून घ्यावे लागते. या सर्वांस काही आठवडे लागतात, हे गृहीत धरूनच निघण्याची तारीख ठरवावी.

तिसरे, पोलीस चारित्र्य दाखला. परदेशी नोकरीसाठी बहुधा पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळणारा दाखला मागतात. नुसता ठाण्याचा दाखला चालत नाही. चौथे, अनुभवाचा दाखला. त्यावर विषय, इयत्ता, कालावधी व मुख्याध्यापकांची सही स्पष्ट असावी. खोटा अनुभव दाखवण्याचा मोह टाळावा. परदेशी शाळा दाखला देणाऱ्या शाळेशी संपर्क साधून खातरजमा करतात. जे सध्या शासकीय किंवा जिल्हा परिषदेच्या सेवेत आहेत, त्यांनी आपल्या कार्यालयाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय पाऊल उचलू नये.

एजंट कोण, दलाल कोण?

१९८३ च्या एमिग्रेशन ॲक्टनुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाने केंद्र सरकारकडे नोंदणी केलेली असावी लागते. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर आहे. अशा एजंटाला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. आता सुरुवातीच्या चार लाखांशी हा आकडा ताडून पाहा! दहावी उत्तीर्ण असलेल्यांच्या पासपोर्टला एमिग्रेशनच्या मंजुरीची गरज नसते. त्यामुळे विमानतळावर शिक्षकाचा करार कोणी तपासत नाही, तो त्याचा त्यालाच तपासावा लागतो.

करार वाचताना पुढील बाबी पाहाव्यात : शाळेचे पूर्ण नाव व पत्ता, पद व विषय, पगार कोणत्या चलनात व किती, घर, विमानतिकीट व वैद्यकीय विमा कोणाकडे, कराराची मुदत, मध्येच नोकरी सोडल्यास काय भरावे लागेल. पगाराचा आकडा रुपयांत मोठा दिसतो. पण तेथील घरभाडे व जेवणखर्च वजा जाता गावी किती पाठवता येईल, याचा हिशोब आधी करावा. शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील फोनवर बोलून नेमणूक खरी असल्याची खात्री करावी. मूळ पदवी व पासपोर्ट कोणाही दलालाकडे ठेवायला देऊ नये. पैसे बँकेतूनच द्यावेत. परदेशात अडचण आल्यास भारतीय दूतावासाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार करता येते.

संस्थेच्या सभासदांना एक विनंती. शेजारच्या मुलाचे परदेशात काम झाले असे ऐकले म्हणजे आपण अभिनंदन करतो, ते करावेच. पण त्याआधी तासभर त्याच्याजवळ बसून तीन कागद पाहावेत : शाळेचा करार, व्हिसावर लिहिलेला उद्देश आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक. घरात पहिल्यांदाच पदवी घेतलेल्या मुलाला हे सांगणारे कोणी नसते. मलकापूर किंवा शेगावच्या स्टेशनावर निरोपाचे हार घालण्यापूर्वी हे तीन कागद कोणीतरी जाणत्याने वाचलेले असले, तर त्या घरचे शेतही शाबूत राहील आणि मुलगाही सन्मानाने वर्गात उभा राहील.