हृदयाचे बाह्यरूप व छातीवरील त्याच्या खुणा



शरीरशास्त्राच्या पाठात हृदय हा घटक आला की, बहुतेक शाळांत फळ्यावर चार कप्प्यांची आकृती काढली जाते, कप्प्यांना नावे दिली जातात आणि रक्ताचा प्रवास बाणांनी दाखविला जातो. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु त्याच पाठानंतर ‘तुझे हृदय कोठे आहे ते हात ठेवून दाखव’ असे मुलांस सांगितले, तर पुष्कळ हात छातीच्या अगदी डाव्या बाजूस, कित्येकदा काखेजवळ जातात. शाळाभेटींत हा अनुभव वारंवार येतो. मुलांस कप्प्यांची नावे पाठ झाली. पण ते इंद्रिय स्वतःच्या शरीरात कोठे व कसे बसले आहे, याची कल्पना मात्र त्यांना आली नाही, असाच याचा अर्थ होतो. ही उणीव केवळ परीक्षेपुरती नाही. प्रसंगी एखाद्याचे प्राण याच माहितीवर अवलंबून असतात. म्हणून प्रस्तुत लेखात हृदयाच्या अंतर्भागाचा विचार जरूरीपुरताच करून त्याचे बाह्यरूप, त्याची बैठक व छातीवर त्याच्या खुणा कशा शोधाव्यात, यांचा विचार केला आहे.

१. आकार, वजन व आवरण

पत्त्यांतील बदाम पाहून मुलांच्या मनात हृदयाचा एक आकार ठसलेला असतो. खरे हृदय तसे नसते. ते ओबडधोबड शंकूसारखे असून त्याचे टोक बोथट असते. प्रौढ माणसाच्या हृदयाची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, रुंदी ८ ते ९ सेंटिमीटर व जाडी सुमारे ६ सेंटिमीटर असते. वजन सामान्यतः २५० ते ३५० ग्रॅमपर्यंत भरते. प्रत्येकाचे हृदय त्याच्या मिटलेल्या मुठीएवढे असते, हे स्थूल माप मुलांना लगेच पटते.

येथे शब्दांचा एक घोटाळा दूर करावा. बोलीत आपण हृदयाला काळीज म्हणतो; परंतु खाटकाच्या दुकानात जी ‘कलेजी’ मिळते ते यकृत होय. ही दोन इंद्रिये निराळी आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

हृदय एका दुपदरी पिशवीत असते. तिला हृदयावरण म्हणतात. तिच्या पदरांमध्ये थोडासा द्रव असतो. गाडीच्या आसाला वंगण जे काम देते, तेच काम हा द्रव येथे देतो. दिवसाकाठी सुमारे एक लक्ष वेळा आकुंचन पावणारे हे इंद्रिय त्यामुळे आजूबाजूच्या भागांशी घासत नाही.

२. हृदयाची बैठक

हृदय छातीच्या पिंजऱ्यात दोन फुप्फुसांच्या मध्ये असते. पुढे छातीचे मधले उभे हाड, म्हणजे उरोस्थी, मागे पाठीचा कणा व खाली श्वासपटल, अशा चौकटीत ते बसलेले आहे. शरीराच्या मध्यावरून उभी रेघ कल्पिली, तर हृदयाचा सुमारे एक-तृतीयांश भाग तिच्या उजवीकडे व दोन-तृतीयांश भाग डावीकडे येतो. म्हणून ‘हृदय डाव्या बाजूस असते’ असे सांगण्यापेक्षा ‘हृदय मध्यभागी असून त्याचा अधिक भाग डावीकडे असतो’ असे सांगणे शास्त्रशुद्ध होय.

शंकूचे टोक खाली, पुढे व डावीकडे वळलेले असते. ह्या टोकास हृदयाग्र म्हणतात. शंकूचा रुंद भाग, ज्यास हृदयाचा तळ म्हणतात, तो मात्र खाली नसून मागे, पाठीच्या कण्याकडे असतो. ‘तळ’ या शब्दामुळे होणारी गैरसमजूत लक्षात ठेवावी. या तळाच्या लगेच मागून अन्ननलिका जाते.

३. बाहेरच्या खाचा व आतील भिंती

हृदयाचे वरचे दोन कप्पे म्हणजे अलिंदे व खालचे दोन म्हणजे निलये. जुन्या पुस्तकांत यांनाच अनुक्रमे कर्णिका व जवनिका म्हटलेले आढळेल. कर्णिका या नावातील ‘कर्ण’ म्हणजे कान. प्रत्येक अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक छोटी पिशवी चिकटलेली असते व ती हृदयाच्या पुढील बाजूने दिसते. बाह्यरूप पाहिले म्हणजे जुन्या नावाचा अर्थ असा उलगडतो.

शेताच्या कडेला उभे राहिले असता बांधांवरून वाटण्या कळतात. त्याचप्रमाणे हृदयाच्या पृष्ठभागावरील खाचांवरून आतील कप्प्यांच्या हद्दी ओळखता येतात. अशा तीन मुख्य खाचा आहेत. पहिली खाच आडवी असून हृदयाभोवती कड्यासारखी फिरते व अलिंदांना निलयांपासून वेगळे दाखविते. पुढे मोठ्या रक्तवाहिन्या असल्याने तेथे मात्र ती झाकली जाते. दुसरी खाच पुढील पृष्ठावरून हृदयाग्राच्या दिशेने तिरपी उतरते. तिसरी मागून व खालून तशीच जाते. या दोन्ही खाचा दोन निलयांमधील पडद्याची रेषा बाहेर दाखवितात.

या खाचांतूनच हृदयाच्या स्वतःच्या धमन्या व शिरा जातात. हृदयाच्या पोकळीतून अखंड रक्त वाहते खरे. पण त्याचा जाड स्नायू आपले पोषण त्या रक्तातून थेट घेऊ शकत नाही. त्यासाठी महाधमनीच्या अगदी उगमापाशी उजवी व डावी अशा दोन धमन्या फुटतात. उजवी धमनी आडव्या खाचेतून उजवीकडे वळते. डावीच्या लवकरच दोन मुख्य शाखा होतात. एक आडव्या खाचेतून डावीकडून मागे जाते व दुसरी पुढील तिरप्या खाचेतून हृदयाग्राकडे उतरते. यांपैकी एखादी वाहिनी एकाएकी बंद झाली, तर तिच्यावर अवलंबून असलेला स्नायू मरू लागतो. यालाच आपण हृदयविकाराचा झटका म्हणतो.

४. पुढून काय दिसते?

पुस्तकातील आकृतीत उजवे व डावे कप्पे शेजारी-शेजारी दाखविलेले असतात. प्रत्यक्षात हृदय काहीसे पिळलेले असते. त्यामुळे उजवा भाग बराचसा पुढे व डावा भाग बराचसा मागे येतो. उरोस्थीच्या लगेच मागे असलेल्या पुढील पृष्ठाचा बहुतेक भाग उजव्या निलयाचा असतो. उजवी कड उजव्या अलिंदाची, तर डावी कड मुख्यतः डाव्या निलयाची असते. हृदयाग्रही डाव्या निलयाचेच होय. मागील तळाचा बहुतेक भाग डाव्या अलिंदाचा असतो. श्वासपटलावर टेकलेला खालचा पृष्ठभाग दोन्ही निलयांचा असून त्यात डाव्याचा वाटा मोठा असतो.

वरच्या बाजूस मोठ्या वाहिन्या दिसतात. सर्वांत पुढे उजव्या निलयातून निघणारी फुप्फुस धमनी असते. तिच्या मागून व उजवीकडून महाधमनी वर येऊन कमानीप्रमाणे वळते. त्याहीपेक्षा उजवीकडे ऊर्ध्वमहाशिरा असून ती उजव्या अलिंदात उतरते. अधोमहाशिरा श्वासपटलातून वर येऊन त्याच अलिंदास मिळते.

५. छातीवरील खुणा

बरगड्या मोजता आल्या की, हृदयाची सीमा छातीवर आखता येते. गळ्याखालील खळगीपासून उरोस्थीवरून बोट खाली सरकवावे. प्रौढ माणसात सुमारे ५ सेंटिमीटर खाली एक आडवा उंचवटा बोटास लागतो. त्याच्या दोन्ही बाजूंस जी बरगडी जुळते ती दुसरी होय. येथून खाली तिसरी, चौथी, पाचवी अशी मोजणी करावी.

आता चार बिंदू घ्यावेत. पहिला, डाव्या दुसऱ्या बरगडीच्या कूर्चेच्या खालच्या कडेवर. दुसरा, उजव्या तिसऱ्या बरगडीच्या कूर्चेच्या वरच्या कडेवर. तिसरा, उजव्या सहाव्या बरगडीच्या कूर्चेवर. हे तिन्ही बिंदू प्रौढात उरोस्थीच्या कडेपासून एक-सव्वा सेंटिमीटर बाहेर असतात. चौथा बिंदू डावीकडील पाचव्या व सहाव्या बरगड्यांच्या फटीत, मध्यरेषेपासून सुमारे ९ सेंटिमीटरवर असतो. हेच हृदयाग्राचे स्थान. हे चार बिंदू किंचित बाक दिलेल्या रेषांनी जोडले असता हृदयाची सीमा मिळते. मुलांची छाती लहान असल्याने त्यांच्या बाबतीत सेंटिमीटरपेक्षा बरगड्यांवर भिस्त ठेवावी.

६. ठोका डावीकडेच का लागतो?

निलये आकुंचन पावतात तेव्हा हृदयाग्राजवळचा भाग छातीच्या भिंतीवर आपटतो. शिवाय डाव्या फुप्फुसाच्या पुढील कडेस येथे खोबण असल्याने हृदय छातीच्या भिंतीस जवळ येते. म्हणून ठोका डावीकडे जाणवतो आणि संपूर्ण हृदयच डावीकडे आहे, असा लोकांचा समज होतो. साधारण सात वर्षांखालील मुलांत हा ठोका एक फट वर, म्हणजे चौथ्या व पाचव्या बरगड्यांमध्ये लागतो. काही निरोगी व्यक्तींत, विशेषतः अंगाने स्थूल असणाऱ्यांत, तो हातास लागतही नाही. क्वचित, दहा-बारा हजारांत एखाद्याचे हृदय जन्मतःच उजवीकडे वळलेले असते. एखाद्या मुलाने ‘गुरुजी, माझा ठोका उजवीकडे लागतो’ असे सांगितल्यास त्याची थट्टा होऊ देऊ नये. पालकांस कळवून डॉक्टरांकडे तपासणी करवावी.

७. या ज्ञानाचा प्रत्यक्ष उपयोग

पहिला उपयोग प्रथमोपचाराचा. हृदय उरोस्थी व कणा यांच्यामध्ये असल्यामुळे छातीच्या मध्यभागी दाब दिला असता हृदयावर दाब येऊन रक्त पुढे ढकलले जाते. ही पद्धती १९६० मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी प्रसिद्ध केली. एखादी प्रौढ व्यक्ती कोसळली, हाका मारूनही प्रतिसाद देत नाही व तिचा श्वास नीट चालत नाही, असे दिसताच कोणास तरी १०८ क्रमांकावर दूरध्वनी करण्यास सांगावे. मग उरोस्थीच्या खालच्या अर्ध्या भागावर, मध्यभागी, तळहाताच्या टाचेने मिनिटास १०० ते १२० या गतीने दाब द्यावेत. दाब ५ ते ६ सेंटिमीटर खोल असावा व प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. ‘हृदय डावीकडे’ असे शिकलेला माणूस अशा वेळी बरगड्यांवर दाब देईल व त्याचा उपयोग होणार नाही. आरोग्य केंद्रात याचे प्रशिक्षण मिळत असेल, तर प्रत्येक शिक्षकाने ते अवश्य घ्यावे.

दुसरा उपयोग दुखणे ओळखण्याचा. हृदयविकाराची वेदना पुष्कळदा छातीच्या मध्यभागी, दडपल्यासारखी असते. ती डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागातही जाणवते. या भागांच्या संवेदना मज्जारज्जूत जवळजवळ एकाच ठिकाणी पोचत असल्याने असा भास होतो. खेड्यात ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पिऊन घरी पडून राहणारी माणसे या समजुतीपायी मोलाचा वेळ गमावतात. दुखणे डावीकडे नाही, म्हणून ते हृदयाचे नाही, असे मानू नये.

तिसरा उपयोग विद्यार्थ्यांच्या आरोग्याचा. घसा दुखण्याच्या एका प्रकारानंतर काही मुलांस सांधेदुखीसह ताप येतो व त्यात हृदयाच्या झडपांना इजा होते. हा आजार विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या वयात आढळतो. खेळताना इतरांआधीच धाप लागणारे, ओठ निळसर पडणारे किंवा वारंवार सांधे सुजणारे मूल दिसल्यास त्याचे नाव टिपून ठेवावे. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा त्या मुलाची तपासणी आग्रहाने करवून घ्यावी. निदान डॉक्टरांनी करावयाचे असते. परंतु रोज मुलाला पाहणारी नजर शिक्षकाची असते.

८. वर्गातील पाठ

(अ) आकृतीचा तक्ता स्वतःच्या छातीपुढे धरून वर्गाकडे तोंड करून उभे राहावे. आकृतीतील उजवा भाग शिक्षकाच्या उजव्या बाजूस आला की, ‘आकृतीत उजवे डावीकडे का?’ ही मुलांची नेहमीची शंका फिटते.

(आ) प्रत्येकाच्या मुठीएवढा हृदयाचा आकार पुठ्ठ्यातून कापवून घ्यावा व तो स्वतःच्या सदऱ्यावर योग्य जागी, टोक डावीकडे करून धरावयास सांगावे. खुणा शोधताना प्रत्येकाने स्वतःच्याच छातीवर हात ठेवावा.

(इ) चिकणमातीचे हृदय करून काडीने तीन खाचा पाडाव्यात. त्यांत तांबडा व निळा दोरा बसवावा. मोठ्या वाहिन्यांसाठी पपईच्या पोकळ देठाचे तुकडे उत्तम चालतात.

(ई) १८१६ मध्ये पॅरिस येथे लेनेक या डॉक्टरांनी कागदाची सुरळी छातीवर ठेवून हृदयाचे ध्वनी ऐकले व त्यातून स्टेथोस्कोपचा जन्म झाला. मुलांनीही वहीच्या कागदाची सुरळी करून हा प्रयोग मित्रावर करावा. मुलांचा गट व मुलींचा गट वेगळा ठेवावा. बसून असताना व अंगणात एक फेरी धावून आल्यावर मिनिटातील ठोके मोजून त्यांची नोंद करावी.

पाठाच्या शेवटी ‘हृदय कोठे आहे?’ हा प्रश्न पुन्हा विचारावा व उत्तर तोंडी न घेता हात ठेवून घ्यावे. घरी जाऊन आई-वडिलांनाही ते दाखविण्यास मुलांस सांगावे. वरील पाठ घेतल्यावर आलेले अनुभव व अडचणी केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत अवश्य मांडाव्यात, म्हणजे त्यांचा लाभ शेजारच्या शाळांसही मिळेल.