दहा टक्के कोणाचे?

मागं एक विद्यार्थी प्रबंध घेऊन घरी आला. म्हणाला, "सर, आठ टक्के आले. पास झालो!" मी विचारलं, "अन् हे आठ टक्के कोणाचे?" त्याला उत्तर देता येईना.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा 2018 चा नियम बघा. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. 10 ते 40 असेल तर सहा महिन्यांत प्रबंध दुरुस्त करायचा, 40 ते 60 ला वर्षभर बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. पण नाव देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य हे सगळं मोजणीतून आधीच वगळायचं असतं. म्हणजे हे दहा टक्के उचलेगिरीचा कोटा नव्हेत.

मग तसा समज का झाला? 2010 नंतर प्राध्यापकाची बढती गुणांवर आली आणि गुण शोधनिबंधांवर. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यालाही प्रबंधाआधी निबंध छापण्याची सक्ती होती. ती 2022 मध्ये गेली. मागणी वाढली तशी पैसे घेऊन छापणारी दुकानं उघडली. मे 2018 मध्ये आयोगानं आपल्या यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली.

आपलं अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 चं. त्याआधी आपण नागपूरला जोडलेले. विद्यापीठ जवळ आलं, आणि घरातला पहिला पदवीधर पीएच.डी.पर्यंत पोचू लागला. ही मोठी गोष्ट आहे. पण आधार घेणं आणि उचलणं यातला फरक त्याला घरी कोण सांगणार? ते काम मार्गदर्शकाचं. आपण मात्र त्याला सॉफ्टवेअरकडे पाठवतो.

सॉफ्टवेअर शब्द जुळवतं, खरंखोटं तपासत नाही. समजा, अकोला जिल्ह्यातल्या कापूस उत्पादकांची प्रश्नावली कोणी घरी बसून भरली. साम्य येईल शून्य टक्के! आणि त्या खोट्या आकड्यांवर उद्या कोणी शेतकऱ्यासाठी योजना आखली, तर?

त्या मुलासोबत मी दोन दुपारी बसलो. उचललेले पाच परिच्छेद निघाले. तिघांत मूळ लेखकांची नावं घातली, दोन त्यानं समजून घेऊन पुन्हा लिहिले.

मार्गदर्शक मंडळी, अहवालावर सही करण्याआधी प्रबंधाचं कोणतंही एक पान उघडा आणि विद्यार्थ्याला विचारा, "हे तुला कुठून कळलं?"