आधी मत, मग मजकूर

१९९८ च्या वसंतात उत्तर आयर्लंडमधल्या घरोघरी टपालाने एक पुस्तिका आली. १० एप्रिलला, गुड फ्रायडेच्या दिवशी, बेलफास्टमध्ये झालेल्या कराराचा संपूर्ण मजकूर तिच्यात होता. तीस वर्षं चाललेल्या आणि साडेतीन हजारांहून अधिक माणसांचा बळी घेतलेल्या हिंसाचाराला थांबवू पाहणारा हा करार. त्यात काय द्यावं लागणार, काय मिळणार, तुरुंगातून कोण सुटणार, विधिमंडळ कसं चालणार, सगळं छापलेलं होतं. पटेल न पटेल, पण वाचता येत होतं. २२ मे रोजी मतदान झालं. उत्तरेत ७१ टक्के लोकांनी होकार दिला, दक्षिणेकडच्या आयर्लंड प्रजासत्ताकात ९४ टक्के लोकांनी.

अठरा वर्षांनी, २३ जून २०१६ ला, उत्तर आयर्लंडच्या मतदारांच्या हाती आणखी एक मतपत्रिका आली. ब्रिटनने युरोपीय महासंघात राहावं की बाहेर पडावं, एवढाच तिच्यावरचा प्रश्न. बाहेर पडायचं म्हणजे नेमकं कशातून, कोणत्या अटींवर, किती काळात, हे सांगणारी पुस्तिका या वेळी कोणाच्याच घरी आली नाही, कारण ती कोणी लिहिलेलीच नव्हती.

ब्रेक्झिटवर गेल्या दशकात अमाप लिहिलं गेलं. मला मात्र मागे वळून पाहताना या दोन मतपत्रिकांमधला फरकच सगळ्यात ठळक दिसतो. एखाद्या देशाला संघातून बाहेर पडावंसं वाटणं यात गैर काहीच नाही. आपले कायदे आपल्या संसदेने करावेत, ही ओढ स्वातंत्र्यलढा पाहिलेल्या आपल्यासारख्या देशाला तरी कोणी समजावून सांगायला नको. महासंघाच्या लिस्बन करारातच कलम ५० आहे आणि ते बाहेर पडणाऱ्यासाठीच लिहिलं आहे. हक्काबद्दल वाद नाही. वाद आहे तो विचारण्याच्या पद्धतीबद्दल.

ब्रिटन मुळात उशिरा आत आलं. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी १९६३ आणि १९६७ अशी दोनदा वाट अडवली आणि अखेर १ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन, आयर्लंड आणि डेन्मार्क एकदमच युरोपीय आर्थिक समुदायात, म्हणजे महासंघाच्या आधीच्या रूपात, दाखल झाले. अडीच वर्षांतच राहायचं की नाही यावर सार्वमत झालं आणि ६७ टक्के लोकांनी ‘राहू’ म्हटलं. त्या वेळी विरोधाचा जोर मजूर पक्षात होता आणि हुजूर पक्षाच्या नव्या नेत्या मार्गारेट थॅचर राहण्याच्या बाजूने प्रचार करत होत्या. पुढे वारं फिरलं. एकल बाजारपेठेचा कायदा थॅचरबाईंच्याच काळात झाला, पण १९८८ च्या ब्रूजमधल्या भाषणात त्यांनीच ब्रसेल्सच्या वाढत्या अधिकारांवर टीका केली आणि तो सूर पक्षात मुरत गेला. २००४ नंतर पूर्व युरोपातून कामगार आले, २००८ नंतर मंदी आली, २०१४ ची युरोपीय संसदेची निवडणूक नायजेल फराज यांच्या पक्षाने जिंकली. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी सार्वमताचं वचन त्याच्याही आधी, जानेवारी २०१३ मध्ये, देऊन ठेवलं होतं. इतका सगळा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. ज्या गोष्टीवर सगळं घोडं अडलं, ती मात्र लंडनमध्ये फारशी कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हती.

ती होती जवळपास पाचशे किलोमीटर लांबीची एक सीमारेषा. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि जुन्या परगण्यांच्या हद्दी रातोरात दोन राज्यांच्या सरहद्दी बनल्या. ही रेषा ना डोंगर पाहून आखली, ना नदी पाहून. ती शेतांमधून जाते, काही ठिकाणी घरांच्या अंगणातून जाते. पेटिगो नावाच्या गावातून एक लहानशी नदी वाहते, अलीकडचा काठ एका देशात आणि पलीकडचा दुसऱ्या. १९२३ पासून या रेषेवर जकात नाके उभे राहिले. लोणी, गुरं, सिगारेट यांची चोरटी ने-आण हा मग कित्येक गावांचा जोडधंदाच झाला. पुढे हिंसाचाराच्या काळात लष्कराने लहान रस्ते खड्डे खणून आणि काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले, टेकड्यांवर टेहळणीचे मनोरे उभारले. जकात नाके हे बाँबस्फोटांचं ठरलेलं लक्ष्य होतं. ऑगस्ट १९७२ मध्ये न्यूरीजवळच्या नाक्यावर झालेल्या स्फोटात नऊ माणसं मेली. त्यांत बाँब घेऊन आलेले होते, तसे नाक्यावर कामाला असलेलेही होते आणि मालाचे ट्रक घेऊन आलेले चालकही होते.

ही सीमा पुसली गेली ती दोन टप्प्यांत. १ जानेवारी १९९३ ला युरोपची एकल बाजारपेठ सुरू झाली आणि जकात तपासायचं कारणच उरलं नाही. १९९८ च्या करारानंतर मनोरेही हळूहळू उतरले. २०१६ पर्यंत अशी स्थिती होती की गाडीतून जाताना वेगमर्यादेची पाटी मैलांऐवजी किलोमीटरमध्ये दिसली की समजायचं, देश बदलला. उत्तरेच्या गोठ्यांतलं दूध दक्षिणेतल्या कारखान्यांत जात होतं. डब्लिनमध्ये तयार होणारी गिनेस बिअर बेलफास्टमध्ये डब्यांत भरली जाऊन पुन्हा डब्लिनच्या बंदरात येत होती. दक्षिणेतल्या डोनेगलचे रुग्ण उपचारांसाठी उत्तरेतल्या डेरीच्या रुग्णालयात जात होते आणि उत्तरेतल्या लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया डब्लिनला होत होत्या. विजेचा बाजारही अख्ख्या बेटाचा एकच. बांधावरून पिढ्यान् पिढ्या डोकी फुटलेली असावीत आणि मग बांधच दिसेनासा व्हावा, तशी ही गोष्ट होती. दोन्ही देश एकाच महासंघात होते म्हणूनच ती शक्य झाली होती.

सार्वमताच्या प्रचारात हे कितपत आलं? ९ जून २०१६ ला टोनी ब्लेअर आणि जॉन मेजर हे दोन पक्षांचे दोन माजी पंतप्रधान एकत्र डेरीला गेले, तिथल्या शांतता पुलावरून चालले आणि सीमेचा प्रश्न पुन्हा उभा राहील असं त्यांनी बजावलं. दोन-चार दिवस बातमी झाली. प्रचाराचा गदारोळ मात्र दुसऱ्याच गोष्टींचा होता: स्थलांतरितांचा, आणि ब्रिटन महासंघाला पाठवतं म्हणून लाल बसवर रंगवलेल्या आठवड्याला ३५ कोटी पौंडांच्या आकड्याचा. ब्रिटनला महासंघाकडून मिळणारी सूट आणि परत येणारा निधी त्यात धरलेलाच नव्हता. निकाल लागला तेव्हा ५१.९ टक्के लोक बाहेर पडण्याच्या बाजूने होते, ४८.१ टक्के राहण्याच्या. इंग्लंड आणि वेल्सने बाहेरचा रस्ता निवडला होता. स्कॉटलंडने ६२ टक्के मतांनी आणि उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्के मतांनी राहायचं म्हटलं होतं. प्रश्न एका देशाला विचारला होता, उत्तरं चार देशांची आली.

आणि मग, मत देऊन झाल्यावर, मजकूर लिहायला घेतला गेला.

जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी जाहीर केलं की ब्रिटन एकल बाजारपेठेतूनही बाहेर पडेल आणि महासंघाच्या समाईक जकात व्यवस्थेतूनही. मतपत्रिकेवर यातलं काही नव्हतं. त्याच वेळी त्यांनी आयर्लंडमध्ये सीमेवर पुन्हा नाके येणार नाहीत असंही सांगितलं आणि उत्तर आयर्लंड आणि उरलेलं ब्रिटन यांच्यात अंतर पडू देणार नाही असंही. या तीन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. दोन बाजूंना मांसाचे, दुधाचे, औषधांचे नियम वेगळे झाले, जकात वेगळी झाली, की कुठेतरी माल तपासावाच लागतो. आयर्लंडमधल्या जमिनीवर नाही तर उत्तर आयर्लंड आणि ब्रिटन यांच्यामधल्या समुद्रात, समुद्रात नाही तर जमिनीवर. हे समजायला अर्थशास्त्र लागत नाही, एखादा ट्रकचालकही सांगेल. तरी ब्रिटिश संसदेची पुढची तीन वर्षं हे मान्य करण्यातच गेली. जून २०१७ च्या निवडणुकीत मे यांचं बहुमत गेलं आणि सरकार तगलं ते उत्तर आयर्लंडच्या डीयूपी पक्षाच्या दहा खासदारांवर. ब्रिटनशी असलेलं नातं तसूभरही सैल होऊ न देणं हाच या पक्षाच्या राजकारणाचा गाभा.

याच जूनमध्ये डब्लिनमध्ये नवे पंतप्रधान आले, लिओ वराडकर. हे आडनाव सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातल्या वराड गावचं. वडील अशोक वराडकर डॉक्टर, आई मिरियम आयर्लंडच्या वॉटरफर्डकडची परिचारिका, आणि दोघांची भेट झाली ती इंग्लंडमध्ये, स्लाव इथल्या कामाच्या दिवसांत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रसेल्सला महासंघाच्या नेत्यांच्या भोजनाला जाताना वराडकरांनी सोबत एक वर्तमानपत्र नेलं. न्यूरीजवळच्या त्या १९७२ च्या स्फोटाची आठवण सांगणारा लेख त्यात होता. तो त्यांनी सगळ्यांना दाखवला. मला हा या साऱ्या काळातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. शेकडो पानांच्या मसुद्यांत जे दिसत नव्हतं, ते त्या एका पानावर होतं: नाका म्हणजे फक्त नाका नसतो.

सीमा खुली ठेवण्याची हमी असलेला मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहात ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. आधुनिक काळात कोणत्याही ब्रिटिश सरकारचा एवढ्या फरकाने पराभव झाला नव्हता. मार्चमध्ये तो आणखी दोनदा पडला. मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. समुद्रात तपासणी आणणारा करार कोणत्याही हुजूर सरकारने करू नये, असं त्यांनी डीयूपीच्या अधिवेशनात सांगितलं होतं. १० ऑक्टोबर २०१९ ला इंग्लंडमधल्या विरल इथे जॉन्सन आणि वराडकर भेटले आणि आठवड्याभरात करार झाला, तो समुद्रात तपासणी आणणाराच. डिसेंबरमध्ये जॉन्सन ८० जागांच्या बहुमताने निवडून आले. त्याच महिन्याच्या अखेरीस वराडकर आईवडिलांसह आपल्या मूळ गावी, वराडला, येऊन गेले. ३१ जानेवारी २०२० ला रात्री अकरा वाजता ब्रिटन महासंघातून बाहेर पडलं.

पुढे काय झालं, ते बेलफास्ट आणि लार्नच्या बंदरांत पाहायला मिळालं. २०२१ उजाडलं, समुद्रातली तपासणी सुरू झाली आणि ब्रिटनच्या मातीत वाढवलेल्या रोपांच्या कुंड्या उत्तर आयर्लंडला पाठवता येईनात. सॉसेजवरून वाटाघाटी सुरू झाल्या. आपल्याच देशात माल पाठवायला कागदपत्रं का, हा ब्रिटनशी जोडून राहू पाहणाऱ्या युनियनिस्ट समाजाचा संताप खरा होता. एप्रिलमध्ये बेलफास्टमध्ये दंगली झाल्या, बस पेटवली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये डीयूपीने प्रादेशिक सरकार सोडलं आणि १९९८ च्या कराराने उभं केलेलं विधिमंडळ दोन वर्षं ठप्प झालं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी विंडसरमध्ये महासंघाशी नवी चौकट ठरवली, उत्तर आयर्लंडमध्येच थांबणाऱ्या मालाला कमी तपासणीची हिरवी मार्गिका मिळाली आणि वर्षभराने प्रादेशिक सरकार पुन्हा उभं राहिलं.

बाकीच्या ब्रिटनबद्दल थोडक्यात सांगायचं तर, सरकारच्या अर्थसंकल्पाचा अंदाज बांधणारी स्वतंत्र यंत्रणा दीर्घकाळात उत्पादकतेला चार टक्के फटका बसेल असं गृहीत धरून चालते. स्थलांतर कमी व्हावं म्हणून अनेकांनी मत दिलं होतं. प्रत्यक्षात जून २०२३ पर्यंतच्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांच्या घरात पोचलं. फक्त माणसं बदलली: पोलंड-रुमानियाच्या जागी भारत, नायजेरिया. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांतली मुलं याच लाटेत शिकायला तिकडे गेली.

हे टाळता आलं नसतं का? २०१४ मध्ये स्कॉटलंडने ब्रिटनमधून बाहेर पडण्यावर सार्वमत घेतलं, तेव्हा स्वातंत्र्य मागणाऱ्या सरकारने जवळजवळ वर्षभर आधी सहाशेहून अधिक पानांचा आराखडा प्रसिद्ध केला होता. चलनापासून पासपोर्टपर्यंत सगळं त्यात होतं. लोकांनी तो वाचून, वाद घालून, ५५ टक्के मतांनी ‘नको’ म्हटलं. स्वातंत्र्यवादी हरले, पण मतदाराला अंधारात ठेवून हरले नाहीत. ग्रीनलंडने १९८२ मध्ये मासेमारीच्या हक्कांसाठी युरोपीय समुदाय सोडायचं ठरवलं. पन्नास-बावन्न हजार लोकवस्तीचा तो प्रदेश, मुद्दा मुख्यतः मासळीचा, तरी सुटायला १९८५ चा फेब्रुवारी उजाडला. ब्रिटनमध्ये ज्यांना बाहेर पडायचं होतं त्यांच्यातही एकमत नव्हतं. कोणाला नॉर्वेसारखी बाजारपेठ हवी होती, कोणाला संपूर्ण फारकत. आराखडा लिहायला बसले असते तर मतदानाआधीच त्यांच्यात फूट पडली असती. माझ्या मते तो न लिहिण्याचं खरं कारण हेच, आणि कॅमेरून सरकारनेही तो मागितला नाही, ही त्यांची चूक त्याहून मोठी.

१० डिसेंबर २०२४ ला बेलफास्टच्या स्टॉरमाँट इमारतीत उत्तर आयर्लंडच्या आमदारांनी एका गोष्टीवर मतदान केलं. विंडसर चौकटीतले व्यापाराचे नियम पुढे चालू ठेवायचे का? कलमं छापील होती, चार वर्षांचा अनुभव गाठीशी होता, प्रत्येकाला आपल्या मतदारसंघातल्या दुकानदाराचं आणि शेतकऱ्याचं म्हणणं ठाऊक होतं. ४८ आमदार बाजूने, ३६ विरोधात. युनियनिस्ट सदस्य सगळे विरोधात गेले, म्हणून ही मंजुरी आठऐवजी चारच वर्षांची. याच कलमांवर पुढचं मतदान २०२८ मध्ये आहे.