रक्तगटाच्या पलीकडे : एका अपरिचित जनुकाची ओळख



नंदुरबार, धुळे, जळगावहून ताप्ती लाइनने येऊन नवागाम, डिंडोली, उधना भागात स्थिरावलेल्या आपल्या घरांतून रक्तदान नवे नाही. आपला गट ‘बी पॉझिटिव्ह’ की ‘ओ’, हे बहुतेकांना तोंडपाठ असते. पण ती ओळख अपुरी असते. एबीओ आणि आरएच या केवळ दोन पद्धती झाल्या. शास्त्राने आजवर चाळीसहून अधिक रक्तगट पद्धती मान्य केल्या आहेत. त्यांतील बेचाळिसाव्या पद्धतीचे नाव ‘ईएमएम’.

या नावाचा आपल्या शहराशी संबंध आला तो 2022 मध्ये. राजकोटच्या एका 65 वर्षांच्या हृदयरुग्णाला शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. पण कोणाचेच जुळेना. अहमदाबादनंतर नमुना सुरतच्या समर्पण रक्तदान केंद्रात आला आणि पुढे अमेरिकेत तपासला गेला. तो ईएमएम निगेटिव्ह निघाला. भारतातील ही पहिली आणि जगातील दहावी नोंद, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले.

असे का होते? पेशीच्या आवरणाला भिंत समजा. तिच्यावर दीडशेहून अधिक प्रकारची प्रथिने एका खास खुंटीला टांगलेली असतात. खुंटीचे टोक स्निग्ध पदार्थाचे, ते भिंतीत रुतलेले. बाहेर साखरेच्या कणांची साखळी आणि तिच्या शेवटी प्रथिन. ही खुंटी पेशीच्या आत घडते. ती घडवणाऱ्या कारागिरांपैकी एक म्हणजे ‘पीआयजीजी’ हे प्रथिन. ते स्वतःही पेशीतल्या एका पडद्यातच बसलेले असते आणि साखळीतील दुसऱ्या मॅनोज साखरेला इथेनॉलअमाइन फॉस्फेटचा छोटा तुकडा जोडते. त्याचा आराखडा चौथ्या गुणसूत्रावरील पीआयजीजी जनुकात असतो.

हा तुकडा पुष्कळदा नंतर काढूनही टाकला जातो. त्यामुळे या जनुकाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. ईएमएम ही खूण 1987 मध्ये नोंदली गेली. तिचे मूळ पीआयजीजीत आहे हे कळायला तीन दशकांहून अधिक काळ लागला. हे जनुक बिघडले तर काहींना फिट्स येतात, बौद्धिक वाढ खुंटते. काही जण मात्र धडधाकट असतात. त्यांची अडचण रक्त लागते तेव्हाच उघड होते. पूर्वी कधी रक्त घेतलेले नसतानाही त्यांच्या शरीरात या खुणेविरुद्ध प्रतिद्रव्ये असू शकतात. मग ‘ओ निगेटिव्ह’ही चालत नाही.

मराठी माणसाला यात मुंबईची आठवण यावी. 1952 मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ रक्तगट जगापुढे आणला. साध्या तपासणीत तो ‘ओ’ भासतो, पण त्याला ‘ओ’ रक्त चालत नाही.

ईएमएम निगेटिव्ह होण्यासाठी आई आणि वडील या दोघांकडूनही बिघडलेली प्रत यावी लागते. एकेकच प्रत असलेले आईवडील स्वतः ईएमएम पॉझिटिव्हच असतात. मामाची मुलगी करण्यासारख्या नात्यातल्या लग्नांत अशा दोन प्रती एकत्र येण्याचा संभव वाढतो. पण याच हिशेबाला दुसरी बाजू आहे : अशा रुग्णाच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाचा तोच गट असण्याची शक्यता साधारण चारात एक असते. जगभर शोधून न मिळणारे रक्त घरातच असू शकते.

म्हणून ‘रक्त जुळत नाही’ असे कधी कानी आले, तर धीर सोडू नका. मोठ्या प्रयोगशाळेत तपासणी होईल का, हे विचारा आणि भावंडांची तपासणी आधी करा. शस्त्रक्रिया ठरवून करायची असेल, तर रुग्णाचे स्वतःचेच रक्त आधी साठवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारा. आणि दुर्मीळ गट निघालाच, तर त्याची लेखी नोंद घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असू द्या.