सावर आधी, चैत्र मागाहून

महाड औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्याला ऋतू कळतो तो दुचाकीच्या सीटवर. पौषात सावित्री आणि काळ या नद्यांवरून धुकं उठतं, बिरवाडीपर्यंत पसरतं, आणि घरून निघताना सीट फडक्यानं पुसावी लागते. माघात एके सकाळी फडकं कोरडंच राहतं. दव थांबलं. मग डोंगराकडच्या माणसाची नजर आपोआप सावर शोधू लागते.

सावर म्हणजे काटेसावर. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाला लागलं की ती उतारावर एकेकटी उभी दिसते. अंगावर एकही पान नसतं, आणि फांद्याफांद्यांवर पाच जाड पाकळ्यांची लाल फुलं. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण तो चार महिन्यांत उरकतो आणि उतारावरची पातळ माती त्याला धरून ठेवत नाही. पुढचे आठ महिने झाडाला हात आखडून राहावं लागतं. पाण्याचा मोठा खर्च पानांचा. म्हणून पानं आधी टाकायची. मोकळ्या फांदीवरचं फूल लांबून दिसतं. साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, शिंजीर मधासाठी गर्दी करतात आणि जाताना पराग नेतात. मग उन्हाळ्यात बोंडं तडकतात, कापूस लागलेलं बी वाऱ्यावर निघतं आणि मृगाच्या आधी जमिनीवर पोचतं. हिशेब चोख आहे. गळून पडलेली फुलं खायला पहाटे भेकरं येतात, हा वरचा नफा.

सावरीमागोमाग पांगारा, मग काळसर मखमली कळ्यांतून फुटणारा पळस. कोशिंब मात्र दरवर्षी नव्या माणसाला फसवतो. लांबून पेटल्यासारखं दिसणारं हे झाड फुललेलं नसतं. तांबडी असते ती त्याची कोवळी पालवी. पाऊस यायला तीन महिने असताना ही पालवी कुणाच्या भरवशावर? खोल गेलेल्या मुळांच्या.

घाट चढत गेलं की हा देखावा विरत जातो. सुमारे 1,370 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वराच्या सदाहरित रानात अशी सरसकट पानगळ नसते. तिथे अंजनीच्या काटक्यांना निळ्याजांभळ्या फुलांचे झुबके बिलगतात. चाळीसेक किलोमीटरांत दोन वेगळे वसंत. मला विचाराल तर खालचा, उघडावाघडा, जास्त आवडतो.

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखाचा. मग झाडंच उतावळी म्हणायची का? थोडं उत्तर आकाशात आहे. वसंतसंपात 20-21 मार्चला होतो, तर निरयन मेषसंक्रांत आता 14 एप्रिलच्या आसपास येते. संपातबिंदू साधारण 72 वर्षांत एका अंशानं मागे सरकतो, त्यामुळे हे अंतर चोवीसेक दिवसांचं झालं आहे. 22 मार्च 1957 पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेनं चैत्र संपाताला बांधला. सावर मात्र दोन्ही कालगणनांच्या आधीच फुललेली असते. माघ शुद्ध पंचमीला वसंतपंचमी म्हणणाऱ्यांनी झाडं पाहिली असावीत, असा माझा तर्क.

गावांतली कामंही याच सुमारास पालटतात. भात निघालेल्या खाचरांतला वाल संपत येतो, पोपटीची मडकी थंडावतात. ऐन-किंजळाच्या फांद्या तोडून राबासाठी रचून ठेवतात. महाशिवरात्रीच्या सुमारास महाडात वीरेश्वराचा छबिना भरतो, भोवतालच्या गावांच्या पालख्या येतात. आणि वणवे. ‘जाळलं की गवत चांगलं येतं’ ही समजूत अजून हटत नाही. जाड सालीचा पळस त्यातून तगतो, पण कालची रोपं जातात. दहा वर्षांनंतरचा वसंत तिथेच करपतो.

डोंगरातल्या बायकांना विचारलं तर त्या फुलांचं नाव काढत नाहीत. त्यांची खूण दोराची. पोहरा पाण्याला टेकेना, दोराला जोड द्यावा लागला, की ऋतू फिरला. 20 मार्च 1927 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं ते याच दिवसांत, जेव्हा इथे पाणी मोजून वापरायला सुरुवात होते.

फाल्गुन पौर्णिमेला मुंबईचे चाकरमानी एसटीतून उतरतात. रायगडातल्या अनेक गावांत होळीसाठी सावरच तोडतात; खोड सरळ, लाकूड हलकं, वाहायला सोपं. ढोल वाजवत पोरं ती खांद्यावरून आणतात तेव्हा शेंड्याला शेवटची दोनचार फुलं असतात. वाटेत ती गळतात, आणि मागून येणाऱ्या मुली ती वेचून ओच्यात घेतात.